सिस्टरांची वाडी आणि माझा पंप

मी पेस्ट कंट्रोलवाला. बावीस वर्षं झाली या धंद्यात. राहतो बोरिवलीला, पण कामं बहुतेक अंधेरीची. ऑफिसांच्या पँट्रीतली झुरळं, गोदामातले उंदीर, गेस्ट हाऊसच्या गाद्यांमधले ढेकूण, कुठे लाकडी पार्टिशनला लागलेली वाळवी. वडील मालवणहून गिरणीत कामाला आले आणि गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले. माझं शिक्षण बारावीपर्यंत. आधी एका माणसाकडे पाठीवर पंप घेऊन फिरलो, मग स्वतःचं परवानापत्र काढलं. धंदा एकट्याचा, पण कामाला नाव चांगलं. एकदा मी मारून गेलो की सहा महिने किडा दिसत नाही, असं लोक एकमेकांना सांगायचे. त्याचा मला थोडा माजही होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

गोराईच्या एका बाईंच्या घरी मी वाळवीच्या कामासाठी गेलो, तेव्हापासूनची ही हकिकत. बाई महापालिकेच्या दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. वय सत्तरीच्या आसपास, लग्न केलेलं नाही. आईवडिलांच्या मागे घर आणि घरामागची वाडी त्याच बघत होत्या. गावात सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे, म्हणून मीही सिस्टरच म्हणायला लागलो. बोरिवलीच्या जेट्टीवरून फेरीबोटीने खाडी ओलांडायची आणि पलीकडे वीस मिनिटं चालायचं. इकडच्या काठावर टॉवर, तिकडे पोहोचलं की फणसाचा वास. मुंबईतच आहोत हे विसरायला होतं.

सिस्टरांच्या कपाटाला लागलेली वाळवी मी नीट काढली. भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडलं, सहा महिन्यांनी परत जाऊन तपासलं. त्यांना काम आवडलं. "तुम्ही सांगितलं तसं केलंत. असं फार कमी लोक करतात," एवढंच म्हणाल्या. त्यांच्याकडून ते मोठं सर्टिफिकेट होतं, हे मला पुढे कळलं.

जानेवारीत त्यांचा फोन आला.

"आंब्याच्या मोहरावर तुडतुडे झालेत. पानं चिकट झालीत, खाली फरशीवर पाय चिकटतो. तुम्ही फवारता का झाडांवर?"

मी म्हणालो, "फवारतो की."

खरं तर त्याआधी मी एकाही फळझाडावर पंप मारलेला नव्हता. कुंड्यांवर मारलं होतं, सोसायटीच्या लॉनवर मारलं होतं. पण नाही म्हणायची मला सवय नव्हती. मनात म्हटलं, किडा तो किडा. झुरळ मरतं तर तुडतुडा का नाही मरणार?

वाडीत आंब्याची अकरा झाडं. तीन हापूस, दोन पायरी, बाकीची रायवळ. शिवाय चिकू, पेरू, एक जांभूळ. मी ओळखीच्या माणसाकडून इंजिनवाला मोठा पंप भाड्याने आणला, लांब पाईप आणि बांबूला बांधलेली गन. सकाळी नऊच्या बोटीने सामान नेलं. झाडं मोहराने पिवळी पडली होती. जवळ गेलं की तुडतुडे पावसाच्या थेंबांसारखे टपटप उडायचे, डोळ्यांत जायचे. आणि मोहरावर बारीकसा गुणगुणाट चाललेला. त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही. वापरतो त्याच कुळातलं औषध होतं, प्रमाण थोडं जास्तच ठेवलं, कारण झाडं मोठी. वरपासून खालपर्यंत भिजवली. हापूसच्या फांद्यांवर पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी होती, आमच्या गावी त्यांना हुमले म्हणतात. एक-दोन चावल्या, म्हणून बांबूने ती घरटीही पाडली. वर सिस्टरांना सांगितलं, "मुंग्यापण काढल्या, त्याचे वेगळे पैसे नाहीत."

दुपारी पाईप गुंडाळताना पायरीच्या झाडाखाली मला मधमाश्या पडलेल्या दिसल्या. काही मेलेल्या, काही गोल गोल फिरत होत्या. बऱ्याच होत्या. लहान लहान माश्याही होत्या. सिस्टर घरात चहा टाकत होत्या. मी बुटाने वाळलेली पानं त्यांच्यावर सरकवली आणि चहाला गेलो.

ते पायाने सरकवणं मला अजून आठवतं. त्या वेळी मी काही फार विचार करून ते केलं नाही. कामाच्या जागी मेलेला किडा दिसता कामा नये, झाडून टाकायचा, ही इतक्या वर्षांची सवय. पण नुसती सवय असती तर मी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांचा फोन आला, तुडतुडे गेले म्हणून. मी खूश. व्हॉट्सॲपवर धंद्याचं स्टेटस ठेवलं, आंब्याच्या झाडावर फवारतानाचा फोटो, खाली लिहिलं 'आता बागांचीही कामं घेतो'.

मार्चच्या सुरुवातीला परत फोन. आवाज नेहमीसारखाच शांत.

"मोहर सगळा वाळून गळाला. काही धरलंच नाही. अकरा झाडांवर मिळून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या कैऱ्या आहेत. असं कशाने होतं?"

मी म्हणालो, "हवामान, सिस्टर. यंदा सगळीकडेच वाट लागलीय आंब्याची. थंडी कुठे पडली?"

"असेल," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, गावच्या चुलतभावाला विचार ना, यंदा आंब्याचं कसं आहे. त्याची मालवणजवळ कलमांची बाग आहे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो. मी फोन लावला. यंदा आंबा कसा, विचारलं. बरा आहे, म्हणाला. मग मी सहज सांगितल्यासारखं फवारणीचं सांगितलं.

त्याने विचारलं, "मोहर कसो होतो तेव्हा? बोंगो, मिटलेलो, की फुललेलो?"

"फुललेला. पूर्ण."

"आणि फुललेल्यावर मारलंस?"

"तुडतुडे होते रे खूप."

"तुडतुडे बोंग्यात असताना मारतत. फुललेल्या मोहरार कोण मारता? माश्या मारून टाकलंस तर आंबो धरतलो कसो?"

तो रागावला नव्हता. लहान मुलाला समजावतात तसं बोलत होता, त्यामुळे जास्त लागलं. मी बरं म्हणून फोन ठेवला. बायकोने विचारलं काय म्हणाला, तर म्हटलं, काही नाही, तिकडे ठीक आहे.

त्यानंतर महिनाभर मी गोराईला गेलो नाही. सिस्टरांनी एकदा फोन केला, तो उचलला नाही. अंधेरीत एका ऑफिसमध्ये काम करताना फोन वाजला, स्क्रीनवर 'सिस्टर गोराई' दिसलं आणि मी तो वाजत ठेवून सिंकखाली झुरळांचं जेल लावत बसलो. एका बाजूला मनाची समजूत घालत होतो, की त्यांनीच विचारलं होतं फवारता का म्हणून, मी काही जबरदस्ती केली नव्हती. दुसऱ्या बाजूला त्या पानांखालच्या माश्या.

एप्रिलच्या एका रविवारी सकाळी मी काही न कळवता बोटीत बसलो.

सिस्टर अंगणात पाटावर बसून पेरू निवडत होत्या. समोर दोन टोपल्या. एका टोपलीतल्या पेरूंना देठाशी पांढरं पांढरं कापसासारखं चिकटलेलं. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली आणि दुसरा पाट पायाने पुढे सरकवला.

मी बसलो. काय बोलायचं ते बोटीत ठरवलं होतं, पण ते काही आठवलं नाही. म्हटलं, "सिस्टर, ते हवामान नव्हतं. मी चुकीच्या वेळी औषध मारलं. फुललेल्या मोहरावर मारत नाहीत. माश्या मेल्या त्याने. मला माहीत नव्हतं."

"आणि?"

"आणि माश्या मेलेल्या मी त्याच दिवशी बघितल्या होत्या. पानांनी झाकल्या."

त्या उठून आत गेल्या. वही घेऊन आल्या. जाड पुठ्ठ्याची, लांब, ड्युटीवर असते तशी. त्यात त्या रोज वाडीबद्दल दोन ओळी लिहायच्या, वॉर्डातली सवय. त्यांनी पान काढून माझ्यापुढे धरलं. मी आलो ती तारीख, वेळ, कुठलं औषध, माझ्या बाटलीवरचं नाव. त्याखाली दुसऱ्या दिवशीची नोंद: पायरीखाली झाडताना मेलेल्या मधमाश्या, दोन सुपल्या. त्याखाली: मोहरावर आज आवाज नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"दुसऱ्याच दिवशी. म्हणून तर विचारलं, असं कशाने होतं."

त्या पेरू निवडायला लागल्या. मग म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात एका नव्या मुलीने एका पेशंटला दुसऱ्याचं इंजेक्शन दिलं होतं. दिल्या दिल्या तिच्या लक्षात आलं. धावत माझ्याकडे आली, रडत होती, पण आली. पाच मिनिटांत डॉक्टर आले, पेशंट वाचला. ती मुलगी पुढे फार चांगली सिस्टर झाली." त्यांनी एक पेरू उलटा करून बघितला आणि खराबच्या टोपलीत टाकला. "तुम्ही तीन महिने लावलेत."

"हो."

"आंबा गेला तो गेला. हे पेरूचं काय झालंय ते बघा आता. हे याआधी कधी इतकं नव्हतं."

ते पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण. मोहराच्या वेळी शेजारच्या पेरूंवरही माझं औषध उडालं होतं. त्याने पिठ्या ढेकूण मेले नाहीत, त्यांच्या अंगावर मेणासारखा थर असतो. मेले ते त्यांना खाणारे किडे. हे सगळं मला दादाने नंतर सांगितलं. त्या दिवशी मात्र मी सवयीने म्हणालो, "याच्यावर जरा स्ट्राँग औषध आहे माझ्याकडे."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खराबची टोपली उचलून बाजूला ठेवली.

त्या दिवसापासून माझा रविवार गोराईत जायला लागला. सिस्टरांनी या म्हटलं नाही आणि मीही येतो म्हटलं नाही. पहिल्या रविवारी निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "पुढच्या वेळी पंप नाही आणणार ना?" मी नाही म्हणालो. नवव्या की दहाव्या खेपेला त्या मला 'तू' म्हणायला लागल्या.

पेरूचं काम असं होतं: फार भरलेल्या फांद्या छाटायच्या आणि पिशवीत बांधून उन्हात ठेवायच्या. बाकीच्या साबणाच्या पाण्याने जुन्या टूथब्रशने घासायच्या. खोडाभोवती प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून तिला ग्रीस लावायचं, म्हणजे काळ्या मुंग्या वर चढत नाहीत. पिठ्या ढेकणांमधून गोड रस पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्यांना सांभाळतात, शत्रूला जवळ येऊ देत नाहीत. मी आयुष्यभर मुंग्या मारल्या, पण त्या कुणाला तरी सांभाळत असतील हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी मला एका फांदीवर पिठ्या ढेकणांपेक्षा मोठे, अंगावर पांढऱ्या झिरमिळ्या असलेले किडे दिसले, भराभर चालणारे. म्हटलं, हा यांचा बाप दिसतोय. ब्रश टेकवणार, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "थांब. आधी कोण आहे ते बघ." मी फोटो काढून दादाला पाठवला. त्याचा लगेच फोन.

"मारलंस काय?"

"अजून नाही."

"मारू नको. ते आपलेच आसत. पिठ्याक खाणारे."

ती एका लहान ढालकिड्याची, लेडीबर्डच्या जातीची, पिल्लं होती. ज्यांना खातात तसंच रूप घेऊन त्यांच्यात फिरतात. अर्धा तास मी ब्रश बाजूला ठेवून बघत उभा होतो. एक पिल्लू एका पिठ्या ढेकणापाशी गेलं, तोंड लावलं आणि थोड्या वेळाने तिथे नुसता कापूस राहिला. सिस्टरांनी चष्मा पुसून पुसून बघितलं आणि वहीत लिहिलं. पुढच्या दोन महिन्यांत पेरू बरेच स्वच्छ झाले. पूर्ण नाही, पण बरेच.

पावसाळ्यात फळमाशी आली. दिसायला घरमाशीपेक्षा बारीक, पिवळसर तपकिरी. पिकायला आलेल्या फळाच्या सालीत सुई टोचल्यासारखी अंडी घालते. बाहेरून फळ छान दिसतं, कापलं की आत अळ्या वळवळतात. सिस्टरांनी त्यांच्या आईची पद्धत दाखवली. तुळशीची मूठभर पानं चेचून करवंटीत थोड्या पाण्यात ठेवली आणि करवंटी पेरूच्या फांदीला टांगली. दहा मिनिटांत माश्या त्यावर येऊन बसायला लागल्या. मला पटेना, म्हणून मी जवळ जाऊन मोजल्या. चौदा होत्या.

मग मी बाजारातून तयार सापळे आणले. प्लॅस्टिकचा डबा, बाजूला भोकं, आत त्याच वासाच्या औषधात भिजवलेला लाकडाचा तुकडा. आठ सापळे लावले. पुढच्या रविवारी डबे उघडले तर तळाला मेलेल्या माश्यांचा थर. मी ते सगळे एका वर्तमानपत्रावर ओतून फोटो काढला आणि दादाला पाठवला. मनात जुना माज थोडा परत आला होता.

दादाचा फोन आला. "बरा झाला. पण ते सगळे दादले आसत."

"म्हणजे?"

"सगळे नर. त्या वासाक नरच येतत. बायलो फळारच बसल्या आसत."

मी सिस्टरांना ते सांगितलं. त्या पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. "म्हणजे नवरे मारले आपण," म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "तेही बरंच आहे. पण खाली पडलेलं फळ उचलल्याशिवाय काही खरं नाही. अळी फळातून मातीत जाते, तिथून परत माशी होते."

म्हणून पडलेली फळं उचलायची. हे काम मी आजवर केलेल्या कामांत सगळ्यात कंटाळवाणं. पावसात चिखलात वाकून सडके पेरू, चिकू, जांभळं गोळा करायची, काळ्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधायचं आणि पत्र्यावर ठेवून द्यायची. ऊन पडलं की आतल्या अळ्या उकडून मरतात. नाहीतर दोन फूट खड्डा खणून पुरायची. सिस्टर रोज करायच्या, मी रविवारी. एकदा मी म्हणालो, "रोज कशाला, आठवड्यातून दोनदा केलं तरी चालेल." त्या म्हणाल्या, "ड्रेसिंग आठवड्यातून दोनदा करत नाहीत." विषय संपला.

त्याच पावसाळ्यात आमचा एक हापूस गेला. आमचा म्हणतो आहे, तोपर्यंत तसं वाटायला लागलं होतं. खोडाच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला मला दिसला. घरात असा भुसा दिसला असता तर मी लगेच ओळखलं असतं, पण झाडाच्या खोडात काय आहे ते कळलं नाही. दादाने फोटोवरून भिरूड सांगितलं. भुंग्याची जाड पांढरी अळी, बोटाएवढी, खोड आतून पोखरत जाते. भोकात तार घालून टोकाला आकडा करून अळी ओढून काढायची, मग पेट्रोलचा बोळा कोंबून चिखलाने भोक बंद करायचं.

सिस्टरांनी त्यांच्या जुन्या पेटीतून लांब चिमटा काढला. मी टॉर्च धरला, त्यांनी तार घातली. सत्तरीच्या बाईचा हात, पण जराही हलत नव्हता. पहिल्या भोकातून अळी निघाली, दुसऱ्यातूनही. तिसरं भोक फार खोल होतं. चौथं मुळाशी होतं, ते आम्हाला दिसलंच नाही. सप्टेंबरमध्ये झाडाची एक बाजू वाळली, दिवाळीपर्यंत दुसरी. ते झाड त्यांच्या वडिलांनी लावलेलं. लाकूडतोड्या आला त्या दिवशी मी काम सोडून गेलो होतो. खोड कापल्यावर आत बोगदेच बोगदे. सिस्टर ओट्यावर बसून राहिल्या. मी विचारलं, आपण आधी बघितलं असतं तर वाचलं असतं का. म्हणाल्या, "कदाचित." मग उठून उरलेल्या दहा झाडांचे बुंधे एकेक करून तपासायला निघाल्या. मी मागे मागे गेलो.

डिसेंबरात परत मोहर धरायला लागला. या वेळी आम्ही बोंगे असतानाच बघायला सुरुवात केली. सिस्टरांकडे एक पांढरा इनॅमलचा ट्रे होता. तो फांदीखाली धरायचा आणि मोहरावर हलके दोन टिचक्या मारायच्या. ट्रेत किती तुडतुडे पडले ते मोजायचे. हापूसवर जास्त पडले, रायवळांवर एखाद-दुसरा. दादाशी बोलून फक्त हापूस आणि पायरीवर, मोहर उमलायच्या आधी, त्याने सांगितलेलं औषध सांगितलेल्या प्रमाणात मारलं. वाडीत पंप वर्षभराने हातात घेतला. सिस्टर शेजारी उभं राहून बाटलीचं झाकण कितीदा भरलं ते मोजत होत्या.

मोहर फुलल्यावर एका पायरीवर परत थोडे तुडतुडे दिसले. माझे हात शिवशिवत होते.

"थोडंसं मारूया का? नुसतं या एका झाडावर," मी म्हणालो.

"नाही."

"मोहर जाईल यावरचा."

"जाऊ दे गेला तर. वर काय चाललंय ते ऐक."

वर गुणगुणाट होता. मधमाश्या थोड्या कमी, पण होत्या. हिरव्या, निळ्या, काळ्या माश्या होत्या, नावं नाही माहीत. त्या पायरीचा अर्धा मोहर खरंच गेला. पण अर्धा राहिला, आणि हापूसला कैऱ्या लागल्या. रायवळ तर लगडले.

मे महिन्यात आंबे उतरवले. पूर्वीइतके नव्हते, पण गवतात आढ्या घालून दोन खोल्या भरल्या. सिस्टर दर वर्षी आपल्या दवाखान्यातल्या जुन्या लोकांना आंबे पाठवायच्या. आदल्या वर्षी काही पाठवता आले नव्हते आणि का नाही आले, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. विक्रोळीच्या एका चाळीत त्यांच्या वॉर्डातल्या एक आयाबाई राहायच्या. त्यांची पेटी मीच घेऊन गेलो. आयाबाई सिस्टरांपेक्षाही मोठ्या, गुडघे दुखतात म्हणून खाटेवरच बसलेल्या.

"मागल्या वर्षी आले नाहीत सिस्टरांचे आंबे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, सिस्टरांचं काही बरंवाईट तर नाही ना."

मी सांगितलं त्यांना, की मी चुकीचं औषध मारलं होतं. सिस्टरांनंतर बाहेरच्या कुणाला सांगायची ती पहिलीच वेळ.

त्यांनी एक आंबा मागितला, सुरी मागितली आणि माझ्यासमोरच कापला. कोयीजवळ एक बारीक अळी निघाली. माझा चेहरा बघून असेल, पण त्यांनी सुरीच्या टोकाने तो भाग काढला, कागदावर ठेवला आणि उरलेली फोड माझ्या हातात दिली. "खा. झाडाचा आंबा आहे, एवढं असायचंच," म्हणाल्या. मी खाल्ली. दुसरा आंबा कापला, तो स्वच्छ निघाला. तिसराही. मग त्यांनी शेजारच्या सुनेला हाक मारून अर्धी पेटी तिला वाटून टाकली.

संध्याकाळी सिस्टरांना फोन करून सांगितलं, पहिल्याच आंब्यात अळी निघाली म्हणून. त्यांनी विचारलं, हापूस की पायरी. मी पायरी म्हणालो. "वहीत लिहिते," म्हणाल्या.

अंधेरीची माझी कामं चालूच आहेत. झुरळं मी अजूनही मारतो, त्यात मला काही वाटत नाही. फरक एवढाच, की कुणी बाल्कनीतल्या झाडांवर मारायला सांगितलं तर आधी पान उलटं करून बघतो, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणतो. त्याने दोन-तीन गिऱ्हाईकं गेली. स्टेटसवरची बागांच्या कामाची ओळ मी केव्हाच काढून टाकली.

गेल्या महिन्यात चिकूवर काहीतरी नवीन आलंय. कोवळी पानं आणि कळ्या बारीक जाळ्याने एकत्र चिकटवलेल्या, आत गुलाबीसर अळी. दादाकडे चिकू नाहीत, त्याला सांगता येईना. सिस्टरांनी दोन अळ्या पानांसकट काचेच्या बरणीत ठेवल्या, वर मलमलचं फडकं बांधलं. अकराव्या दिवशी त्यातून करड्या रंगाचा एक छोटा पतंग निघाला. मी गेलो तेव्हा बरणी ओट्यावर होती आणि सिस्टर चष्मा वर करून त्याच्या पंखांचं चित्र वहीत काढत होत्या. चित्र काही फार जमलं नव्हतं. मी फोटो काढला. सोमवारी तो कृषी खात्याच्या कचेरीत दाखवायचं ठरलं, आणि तोवर म्हणून मी शिडी घेऊन चिकटलेल्या फांद्या छाटायला चढलो.